घरचे लग्न, घरचा कॅमेरा : आधी उजेड पाहा, मग दुकान गाठा

यवतमाळ : मंगलाष्टकांची शेवटची ओळ संपते, अंतरपाट बाजूला होतो, अक्षतांचा पाऊस पडतो, बाहेर बँडवाले वाजवू लागतात आणि नवरी मान वर करून समोर पाहते. हे सारे चार-पाच सेकंदांत आटोपते. 'जरा पुन्हा एकदा' असे भटजींना सांगता येत नाही. हार घालण्याचा प्रसंग एक वेळ पुन्हा घडवून आणता येतो. पण दुसऱ्यांदा घातलेल्या हाराच्या छायाचित्रात तो दुसऱ्यांदा घातला आहे, हे चेहऱ्यांवरून लगेच कळते.

मोठ्या लग्नांत ही जबाबदारी व्यावसायिक छायाचित्रकार आणि त्याच्या दोन-तीन साहाय्यकांवर असते. मात्र अंगणातल्या मांडवात, शंभर-सव्वाशे माणसांत होणाऱ्या घरगुती लग्नात ती बहुधा नवरीच्या मावसभावावर किंवा नवरदेवाच्या भाच्यावर येऊन पडते. त्याने कधीतरी सहलीचे चांगले फोटो काढलेले असतात, एवढीच त्याची पात्रता. करोनाच्या काळात अशी लग्ने नाइलाजाने वाढली. २०२० मध्ये लग्नसमारंभास पन्नास जणांची मर्यादा आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोल्याबरोबर यवतमाळ जिल्ह्यातही निर्बंध पुन्हा कडक झाले. एप्रिल २०२१ च्या राज्य शासनाच्या आदेशाने तर पंचवीस माणसे आणि दोन तास अशी हद्द घातली. ती मोडल्यास पन्नास हजार रुपये दंड होता. पंचवीसांत दोन्हीकडचे काका, मामा, आत्या बसवायच्या म्हटल्यावर व्यावसायिक चमूला जागा कोठून उरणार? निर्बंध गेले, पण लहान लग्न हा पर्याय अनेक कुटुंबांच्या मनात राहिला. एकदा कॅमेरा हाती घेण्याचे कबूल केले, की त्या भाच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणता कॅमेरा घेऊ?

हा प्रश्नच जरा चुकीचा आहे. विचारायला हवे ते असे : लग्न किती वाजता आहे, कोठे आहे आणि तेथे उजेड किती असेल?

उजेडाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यात लग्नांची दाटी एप्रिल-मे महिन्यांत. दुपारच्या उन्हात पाहुण्यांना बसविणे कठीण, म्हणून गोरज मुहूर्ताला पसंती. मेच्या मध्यावर या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. म्हणजे सीमांतपूजनाला लख्ख उजेड, मंगलाष्टकांना संधिप्रकाश आणि सप्तपदीला दिवे, असा एकाच समारंभात तीन प्रकारच्या उजेडाशी सामना होतो. त्यातही मुहूर्त पंधरा-वीस मिनिटे पुढे सरकला, आणि तो सरकतोच, की सगळे गणित बदलते.

माणसाचा डोळा या बदलाशी इतक्या सहज जुळवून घेतो, की तो जाणवतही नाही. कॅमेऱ्याला मात्र तो जाणवतो. भर दुपारच्या उन्हात उजेडाचे मोजमाप एक लाख लक्सपर्यंत जाते. दिव्यांनी 'उजळलेल्या' घरगुती मांडवात ते शंभर-दोनशे लक्स असते. डोळ्याला दोन्ही ठिकाणी चेहरा दिसतो, पण दुसऱ्या ठिकाणी कॅमेऱ्याला मिळणारा उजेड पाचशे ते हजार पटींनी कमी असतो.

ही तूट भरून काढण्याचे मार्ग तीनच. शटर अधिक वेळ उघडे ठेवणे, लेन्सचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर मोठे करणे किंवा आयएसओ वाढविणे. शटर फार वेळ उघडे ठेवले तर हार घालणारा हात पुसट येतो. लग्नात सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा फार खाली जाऊ नये. आयएसओ वाढविला तर चित्रात रवाळपणा येतो, सावळ्या त्वचेचा आणि गडद शालूचा पोत हरवतो. राहिले अ‍ॅपर्चर. खरा निर्णय येथेच आहे.

कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स जवळचे दाखविताना, म्हणजे ५५ कडे नेल्यावर, एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. शंभर लक्सच्या मांडवात, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या शटरगतीला, तिच्यासाठी आयएसओ सुमारे ८००० लागतो. त्याच ठिकाणी त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स लावली तर सुमारे ८०० पुरतो. फरक जवळजवळ दहापटीचा आहे. कॅमेऱ्याची नवी आवृत्ती घेऊन हा फरक मिळत नाही. झूम न होणाऱ्या, ओंजळीत मावणाऱ्या एका लेन्सने मिळतो. बहुतेक कंपन्यांच्या यादीत ही लेन्स सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. तरीही दुकानात गेलेला ग्राहक मेगापिक्सेल विचारतो आणि लेन्स 'नंतर बघू' म्हणतो. लग्नाच्या कामासाठी क्रम नेमका उलटा असावयास हवा.

दहा फुटांची खोली

अर्थात एफ/१.८ म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. लहान लग्नातली दुसरी अडचण जागेची. घराच्या बैठकीत हळद लागत असेल तर मागे सरकायला भिंत आडवी येते. हौशी कॅमेऱ्यांत सर्रास आढळणाऱ्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर दहा फुटांवरून ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये आडवे जेमतेम साडेचार ते पावणेपाच फूट मावतात. म्हणजे वधू-वर आले, मागचा मामा कापला गेला. ३५ मिलिमीटरमध्ये साडेसहा फुटांच्या आसपास मावते आणि १८ वर बारा-तेरा फूट. म्हणून घरातल्या लग्नासाठी एकच मोठ्या छिद्राची लेन्स घ्यावयाची झाल्यास ३५ मिलिमीटरचा विचार आधी करावा. मोकळ्या मांडवात ५० चालते. सोबतची १८-५५ टाकून देऊ नये. दिवसाउजेडी रुखवत, पंगत आणि समूहचित्रे तिनेच काढावयाची आहेत.

समूहचित्रांचा उल्लेख मुद्दाम केला. एफ/१.८ वर दहा फुटांवरून ५० मिलिमीटरच्या लेन्सने घेतलेल्या चित्रात सुस्पष्ट येणारा पट्टा अवघा वीतभर, फार तर दहा इंच जाडीचा असतो. एकमेकांसमोर उभ्या वधू-वरांना बाजूने टिपताना तो पुरतो. तीन रांगांत बसलेल्या गोतावळ्याला पुरत नाही. आजी स्पष्ट आणि मागे उभे सगळे काका धूसर, असे चित्र घरात भांडणाला कारण होते. तेथे एफ/५.६ किंवा एफ/८ वर यावे, उजेडात उभे करावे आणि एकाच्या जागी चार फोटो घ्यावेत. कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

हा समूहफोटो साधा समजू नये. खेड्यापाड्यांत अनेक वृद्धांचे आयुष्यातले शेवटचे नीटनेटके छायाचित्र एखाद्या लग्नातलेच असते. पुढे कधीतरी त्याच चित्रातला चेहरा कापून, मोठा करून, हार घालून भिंतीवर लावला जातो. चेहरा मोठा केल्यावर तो टिकला पाहिजे, ही अपेक्षा त्या दिवशी कोणी बोलून दाखवीत नाही.

बॉडी कोणती?

येथे थोडक्यात सांगता येईल. आरसा असलेले डीएसएलआर कॅमेरे आता मागे पडत आहेत. २०२० मधील डी७८० आणि डी६ नंतर निकॉनने नवा डीएसएलआर आणलेला नाही. कॅननचाही भर मिररलेसवर आहे. व्यावसायिक मंडळी मिररलेसकडे वळल्याने जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स वापरलेल्या स्थितीत मिळतात. वर्षातून दोन-तीन घरगुती कार्यांसाठी कॅमेरा हवा असणाऱ्याला हा सौदा वाईट नाही. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. शटर किती वेळा उघडले आहे ते विचारावे. एकेका लग्नात हजारो फोटो काढणाऱ्याच्या हातून आलेली बॉडी बाहेरून चकचकीत असली तरी आतून थकलेली असू शकते. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून पाहावा. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तिसरी गोष्ट अशी, की लेन्स आणि बॉडी यांची सोयरीक जुळते का, हे दुकानातच लावून पाहावे. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकससाठी मोटर नसते. स्वस्त मिळते म्हणून जुनी एएफ-डी प्रकारची ५० मिलिमीटर घेतली तर ती त्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. अक्षता पडत असताना ते जमणे नवख्याला अशक्यच. त्या बॉडीसाठी एएफ-एस प्रकारचीच लेन्स घ्यावी.

कॅमेरा विकतच घेतला पाहिजे, असेही नाही. नागपूर, अमरावतीसारख्या शहरांत बॉडी व लेन्स भाड्याने मिळतात. घरी जुनी बॉडी असेल तर केवळ लेन्स भाड्याने आणणे सर्वांत शहाणपणाचे. फक्त ती लग्नाच्या दिवशी सकाळी नव्हे, दोन दिवस आधी हाती यावी. अनोळखी कॅमेऱ्याची बटणे अंतरपाटासमोर शोधत बसण्यासारखी दुसरी फजिती नाही.

आणि मोबाइल? त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. दिवसाउजेडीची हळद, मेंदी, पंगतीतली धांदल यांत चांगला मोबाइल कॅमेऱ्याच्या तोडीस तोड उतरतो. रात्री तो अनेक चित्रे झरझर टिपून त्यांचे एक चित्र बनवितो. स्थिर उभ्या माणसांचे ते उत्तम येते, हलणाऱ्यांचे हात-पाय विरघळतात. मोबाइलचा मोठ्यात मोठा सेन्सरही एपीएस-सीच्या तुलनेत क्षेत्रफळाने कितीतरी लहान असतो, त्याचा परिणाम तेथे दिसतो. घरात कॅमेरा नसेल आणि लग्न दुपारचे असेल, तर मोबाइलवर भागवावे. गोरज मुहूर्त असेल तर नाही.

फ्लॅश : छताकडे तोंड, पण छत कोणते?

कॅमेऱ्यावरच उघडणारा छोटा फ्लॅश फारसा उपयोगाचा नाही. साध्या बॉडीवरील फ्लॅशची ताकद आयएसओ १०० आणि एफ/५.६ वर दीड-दोन मीटरच्या पुढे जात नाही. वर तो समोरून थेट पडतो. चेहरे पांढरेफटक आणि मागचा मांडव काळाकुट्ट. बाहेरून लावावयाच्या, मान वळणाऱ्या फ्लॅशचा उजेड छतावर किंवा भिंतीवर मारला, तर तो पसरून मऊ होऊन खाली येतो, हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पुस्तकात न सापडणारी गोष्ट म्हणजे आपल्याकडचे छत. चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्या स्लॅबखाली हे तंत्र झकास चालते. लाल-पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली परत येणारा उजेड लाल-पिवळाच असतो आणि हळदीने आधीच पिवळी झालेली नवरी आणखी पिवळी दिसते. अंगणात वर आकाशच असेल तर उजेड परतच येत नाही. अशा वेळी फ्लॅशच्या तोंडामागे पांढऱ्या जाड कागदाचा तुकडा रबरबँडने अडकवून उजेड पुढे वळवावा, किंवा एखाद्या चुलतभावाला पांढरी चादर धरून बाजूला उभे करावे. चादरीचा उपाय बिनखर्चाचा आहे आणि चुलतभाऊ कामालाही लागतो.

दिवसा कापडातून गाळून येणाऱ्या रंगीत उजेडाची तक्रारही तीच. त्यावर उतारा म्हणजे रॉ स्वरूपात चित्रे घेणे. रॉ फाइलमध्ये रंगाचा तोल नंतर संगणकावर बदलता येतो. जेपीजीमध्ये तो बऱ्याच अंशी पक्का झालेला असतो.

फ्लॅश खरेदी करतानाचा एक सापळा येथे नोंदवावयास हवा. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या हौशी बॉडींच्या फ्लॅश बसविण्याच्या जागेतील मधला संपर्कबिंदू काढून टाकला आहे. त्यामुळे बाजारातील साधे, स्वस्त, हाताने जुळवायचे फ्लॅश त्यांवर बसतात पण पेटत नाहीत. कॅननच्या पद्धतीशी जुळणाराच फ्लॅश लागतो. आर५० या मिररलेस कॅमेऱ्याला तर नेहमीचा फ्लॅश लावण्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो. फ्लॅश दुकानातच बॉडीवर चढवून, पेटवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एलईडी दिव्यांच्या माळांबद्दलही एक गोष्ट. आपली वीज ५० हर्ट्झची; तिच्यावरचे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटरगती फार वाढविली तर चित्रात काळसर पट्टे येतात. ती सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवली की पट्टे बहुतांशी जातात.

ऊन, धूळ आणि कूलर

कॅनन, निकॉन यांच्या पुस्तिका उघडून पाहिल्या तर शेवटच्या पानांवर बहुतेक कॅमेऱ्यांसाठी वापराचे तापमान शून्य ते चाळीस अंश असे छापलेले आढळते. यवतमाळात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जाणे ही नवलाची बातमी नाही. कॅमेरा लगेच बंद पडतो असे नव्हे. पण वरातीत तासभर उन्हात गळ्यात अडकविलेला काळा कॅमेरा हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. सलग चित्रण करणाऱ्या लहान मिररलेस कॅमेऱ्यांना त्याचा त्रास आधी होतो. बंद गाडीत बॅग ठेवू नये. मांडवात सावलीची जागा हेरून ती तेथे ठेवावी, आणि शेजारी कोणीतरी मोठे माणूस बसवावे.

मांडवात चारी बाजूंनी मोठे कूलर लावलेले असतात. त्यांच्या झोतात पाण्याचे बारीक तुषार असतात. पाहुण्यांना बरे वाटते, लेन्सच्या काचेवर मात्र डाग पडतात. कूलरसमोर उभे राहून लेन्स बदलू नये. नांगरटीनंतर उघड्या पडलेल्या काळ्या मातीची धूळ, वाऱ्याची वावटळ आणि उधळलेला गुलाल यांतही लेन्स बदलू नये; सेन्सरवर बसलेला कण त्यानंतरच्या प्रत्येक चित्रात दिसतो. लेन्स कधी बदलावयाची, ते आधीच ठरवून घरात जाऊन बदलावी.

विधी तसा कॅमेरा

या जिल्ह्यात लग्न म्हणजे एकच विधी नव्हे. बौद्ध पद्धतीच्या विवाहात वधू-वर बहुधा शुभ्र वस्त्रांत असतात. कॅमेरा पांढऱ्याचा समावेश असलेला सगळाच देखावा मधल्या करड्या छटेकडे ओढतो आणि वस्त्रे मळकी दिसतात. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक पायरी वर ठेवावे लागते. तेथे अंतरपाट नाही. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील होते, पुष्पमाला घातल्या जातात आणि सोहळा लवकर आटोपतो. उशिरा येणाऱ्या छायाचित्रकाराला येथे दुसरी संधी नाही.

पुसद, दिग्रस, दारव्हा भागांतील तांड्यांवरच्या लग्नांत जुन्या बंजारा स्त्रियांच्या फेटिया-कांचळीवर आरसे जडविलेले असतात. समोरून मारलेला फ्लॅश त्या प्रत्येक आरशातून परत येतो. तेथे फ्लॅश बंद ठेवून मोठ्या छिद्राच्या लेन्सवरच विसंबावे. निकाहाच्या वेळी वधू आणि वर वेगवेगळ्या जागी असू शकतात. एका माणसाला दोन्हीकडे धावता येत नाही, आणि स्त्रियांच्या बाजूला कॅमेरा न्यावयाचा की नाही हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधी विचारणे आवश्यक ठरते. तेथे बहिणीच्या हाती दुसरा कॅमेरा देणे उत्तम.

अंतरपाटाच्या लग्नात वधू-वर सहसा पूर्व-पश्चिम तोंडे करून उभे असतात. गोरज मुहूर्ताला मांडवाची पश्चिम बाजू उघडी असेल, तर मावळतीचा उजेड एकाच्या चेहऱ्यावर आणि दुसऱ्याच्या पाठीवर पडतो. कोण कोणत्या दिशेला उभे राहणार, अंतरपाट कोणत्या बाजूने काढला जाणार, एवढे भटजींना आदल्या दिवशी विचारून घ्यावे. ते आनंदाने सांगतात. त्यांनाही ऐनवेळी मध्ये घुसणारा छायाचित्रकार नको असतो. कॅमेरेवाल्याने वधू-वरांच्या बाजूला, अंतरपाटाच्या रेषेत जागा धरावी. अक्षता चेहऱ्यांसमोरून पडत असताना कॅमेऱ्याचा फोकस हवेतल्या दाण्यांवर किंवा उंचावलेल्या हातांवर उडी मारतो. म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडावा, तो नवरीच्या डोळ्यावर ठेवावा, आणि मिररलेस कॅमेरा असल्यास डोळा ओळखण्याची सोय चालू करावी.

आदल्या संध्याकाळची तालीम

ज्या वेळी मुहूर्त आहे, त्याच वेळी आदल्या दिवशी मांडवात जावे. डेकोरेशनवाल्याला सगळे दिवे लावावयास सांगावेत, दोन भावंडांना बोहल्याच्या जागी उभे करावे आणि पंधरा-वीस चित्रे घेऊन ती मोबाइलवर नव्हे, संगणकावर मोठी करून पाहावीत. चेहरा पुसट दिसला, तर एक रात्र आणि एक दिवस हाती असतो. बहुतेक वेळा कॅमेरा बदलण्याची गरज पडत नाही. बोहल्यासमोर दोन पांढरे दिवे वाढविले की काम भागते. डेकोरेशनवाल्याचे दोन दिव्यांचे भाडे ही संपूर्ण यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी वस्तू होय. भारनियमनाची किंवा वीज जाण्याची धास्ती असेल, तर ते दिवे जनरेटरवर आहेत की नाहीत, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

बॅटऱ्या दोन, मेमरी कार्डे दोन. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून रॉ स्वरूपात ६४ जीबीच्या कार्डावर साधारण दोन हजार चित्रे मावतात. म्हणजे एका कार्डावर सगळे लग्न बसेल. तसे बसवू नये. अक्षता पडल्या की कार्ड बदलावे आणि पहिले कार्ड आईच्या पर्समध्ये जावे. त्याच रात्री दोन्ही कार्डांची प्रत संगणकावर आणि वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्यावी. तोवर कार्ड पुसू नये.

पहिला छापील फोटो अल्बमसाठी लागत नाही. राज्याच्या १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी करताना अर्जासोबत लग्नपत्रिका आणि विवाहविधीचे छायाचित्र मागितले जाते. त्यात दोघांचे चेहरे ओळखू येतील असे एक तरी स्पष्ट चित्र हवे. गळ्यात हार, समोर बघणारे दोघे, मागे वळवळणारी मुले नाहीत, असे ते चित्र कन्यादान आणि सप्तपदीच्या गडबडीत राहून जाते. हार घालून झाल्यावर, आहेराची रांग लागण्याआधी, दोघांना अर्धा मिनिट थांबवून ते घ्यावे. ग्रामपंचायतीत जाताना त्याच्या दोन प्रती सोबत ठेवाव्यात.